तुमचे प्रश्न: 'द स्मिथ्स' कसा जमला, का मोडला

मागच्या अंकात मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' या बँडवर छोटं टिपण होतं. गायक-गीतकार मॉरिसी, गिटारवादक-संगीतकार जॉनी मार, बेसवर अँडी रूर्क, ड्रमवर माइक जॉइस. 1982 मध्ये बँड उभा राहिला आणि 1987 मध्ये संपला. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (नाशिक): चार स्टुडिओ अल्बम, चारही ब्रिटनच्या यादीत पहिल्या दोन क्रमांकांत, आणि मग एकदम शेवट. सगळीकडे 'गायक आणि गिटारवाल्याचं बिनसलं' एवढंच वाचायला मिळतं. खरं काय घडलं?

बिनसलं हे खरं, पण ते शेवटच्या काही आठवड्यांत. आमच्या मते मूळ दुखणं 1983 च्या अखेरीचं आहे. जो मॉस हा मँचेस्टरचा कपड्यांचा दुकानदार त्यांचा पहिला मॅनेजर. पहिलं रेकॉर्डिंग, तालमीची जागा, गाडीघोडा हे सगळं त्याने पदरमोड करून सांभाळलं. तो बाजूला झाला आणि त्या खुर्चीत पुढे कोणीच टिकलं नाही. मग दौऱ्याची व्यवस्था, रेकॉर्ड कंपनीचे फोन, पैशांची विचारणा हे सगळं विशीतल्या मारच्या गळ्यात पडलं. चाली लावायच्या, गिटारचे थरावर थर वाजवायचे, रेकॉर्डिंगवर देखरेख करायची आणि वर मॅनेजरचं काम.

1986 हे वर्ष सगळ्यात कठीण गेलं. 'द क्वीन इज डेड' हा अल्बम आदल्या हिवाळ्यातच तयार होता, पण रफ ट्रेड या त्यांच्या कंपनीशी कायदेशीर वाद सुरू असल्याने तो जूनमध्ये बाहेर आला. वर्षाच्या सुरुवातीला हेरॉइनच्या व्यसनामुळे रूर्कला काढलं आणि काही आठवड्यांत परत घेतलं. त्याच्या जागी आणलेला क्रेग गॅनन दुसरा गिटारवादक म्हणून राहिला आणि वर्ष सरायच्या आत गेला. अमेरिकेच्या दौऱ्यातले शेवटचे कार्यक्रम रद्द करावे लागले. नोव्हेंबरमध्ये मारच्या गाडीला अपघात झाला, त्यामुळे वर्णभेदविरोधी मदतनिधीचा लंडनमधला कार्यक्रम पुढे ढकलला. तो 12 डिसेंबर 1986 ला ब्रिक्स्टन अकॅडमीत झाला. या बँडचा तो शेवटचा कार्यक्रम, पण तसं त्या रात्री कोणालाच माहीत नव्हतं.

1987 च्या वसंतात इंग्लंडमधल्या बाथजवळच्या वूल हॉल स्टुडिओत 'स्ट्रेंजवेज, हिअर वी कम' हा शेवटचा अल्बम रेकॉर्ड झाला. ते काम चांगलं झालं, हे लक्षात ठेवायला हवं. त्यानंतर मारला सुट्टी हवी होती. बाकीच्यांना लगेच सिंगलच्या मागच्या बाजूसाठी गाणी हवी होती. मे महिन्यात लंडनच्या स्ट्रेटम भागात ते पुन्हा जमले. तिथे सिला ब्लॅक या साठच्या दशकातल्या गायिकेचं एक गाणं घ्यायचं ठरलं आणि ते मारला अजिबात पटलं नाही. काम उरकून तो निघून गेला. ऑगस्टमध्ये एका संगीत साप्ताहिकात 'स्मिथ्स फुटणार' अशी बातमी आली, तेव्हा ती खोडून काढायला पुढे कोण येणार? मॅनेजर असता तर त्याने दोघांना एका टेबलावर बसवलं असतं. थोड्याच दिवसांत मारने आपण बाहेर पडल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये अल्बम दुकानात आला, तेव्हा बँड उरला नव्हता.

प्रश्न (कोल्हापूर): 'हाऊ सून इज नाऊ?' मधला गिटारचा तो थरथरणारा आवाज घरी काढता येईल का? पेडल (गिटारच्या आवाजावर परिणाम करणारा, पायाने चालवायचा डबा) लावून पाहिलं, पण लयीत बसत नाही.

मूळ आवाज पेडलचा नाही. 1984 मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या जॅम स्टुडिओत मार आणि निर्माता जॉन पोर्टर यांनी गिटार आधी साधीच, थरथरीशिवाय रेकॉर्ड केली. मग ते रेकॉर्डिंग टेपवरून फेंडर ट्विन रिव्हर्ब अ‍ॅम्पमध्ये सोडलं. डावी-उजवीकडे अ‍ॅम्प, प्रत्येकाचा थरथर आणणारा ट्रेमोलो हाताने गाण्याच्या लयीला जुळवलेला, समोर माइक. (फेंडरच्या पट्टीवर या बटणाला 'व्हायब्रॅटो' म्हटलं आहे, पण सूर हलत नाही, आवाजच लहानमोठा होतो.) गाणं सलग घेता येईना, म्हणून सुमारे दहा सेकंदांचा तुकडा घ्यायचा, थांबायचं, अ‍ॅम्प पुन्हा जुळवायचे, पुढचा तुकडा घ्यायचा, असं करत ते पुरं केलं.

तुमचं पेडल का चुकतं तेही यातच आहे. समजा थरथर सेकंदाला 6 वेळा हवी आणि बटण फक्त 2 टक्के पुढे आहे. दहा सेकंदांत 60 ऐवजी 61.2 ठोके पडतात, म्हणजे अख्खा एक ठोका सरकला. 0.5 टक्का चूक असली तरी दहा सेकंदांत जवळपास तिसरा हिस्सा ठोका सरकतो. तो कानाला जेमतेम चालतो, मिनिटभरात मात्र सगळं विस्कटतं.

घरी असं करा. आधी गिटार सरळ ऑडिओ इंटरफेसच्या (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या डब्याच्या) वाद्यासाठीच्या इनपुटमध्ये, क्लिकवर (लयीच्या टिकटिकीवर), कोणताही परिणाम न लावता घ्या. मग 60,000 ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी) भागा. एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. बीपीएम 96 असेल तर ठोका 625, त्याचा अर्धा 312.5 आणि पाव 156.25. टॅप किंवा मिलिसेकंदाची सोय असलेलं पेडल असेल तर पाव ठोक्यापासून सुरुवात करा. सॉफ्टवेअरमधला ट्रेमोलो असेल तर तो प्रोजेक्टच्या लयीला बांधून टाका, सरकण्याचा प्रश्नच मिटतो. त्याच रेकॉर्डिंगच्या दोन प्रती डाव्या-उजव्या बाजूला ठेवा. ट्रेमोलोची तीव्रता (डेप्थ) पूर्ण लावू नका, दहापैकी सातच्या आसपास ठेवा, नाहीतर दोन ठोक्यांच्या मध्ये कॉर्डच नाहीसा होतो. रिव्हर्ब (घुमारा) आधी, ट्रेमोलो नंतर. ट्विनमध्येही हाच क्रम आहे. उलटं केलंत तर रिव्हर्बची शेपूट फटी भरून काढते आणि थरथर पुसट होते.

खऱ्या अ‍ॅम्पमध्ये सोडायचं असेल तर इंटरफेसच्या आउटपुटला थेट वायर लावू नका. तिथला सिग्नल गिटारपेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे अ‍ॅम्प फाटका वाजतो आणि अर्थिंगची घरघरही येते. मध्ये रीअ‍ॅम्प बॉक्स (सिग्नल गिटारइतका लहान करणारा डबा) हवाच.

प्रश्न (सांगली): त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांबरोबर वाजवताना माझी गिटार नेहमी एक स्वर खाली पडते. असं का?

कारण मार त्या काळात बऱ्याचदा सगळ्या तारा एक पूर्ण स्वर वर चढवायचा किंवा दुसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावायचा. पेटीच्या भाषेत, जाड तार पांढरी तीनऐवजी काळी तीनला. बोटं सोप्या आकारांत राहतात, मोकळ्या तारा वाजत राहतात आणि आवाजाला चकाकी येते.

तुम्ही कॅपोच लावा. तारा एक स्वर चढवल्या की ताण साधारण 26 टक्क्यांनी वाढतो. 10 च्या सेटवर (आकडा वरच्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) असं केलंत तर मान पुढे वाकते आणि वरची तार तुटण्याची शक्यता वाढते. चढवायच्याच असतील तर 9 चा सेट घाला. त्याचा ताण त्याच सुरात 10 च्या सुमारे 81 टक्के असतो, त्यामुळे एक स्वर चढवल्यावर तो 10 च्या नेहमीच्या ताणाइतकाच भरतो. कॅपो पट्टीला अगदी चिकटून, तिच्या मागे लावा आणि लावल्यानंतर पुन्हा ट्यून करा. मध्यावर घट्ट दाबला की तारा वर चढतात, आणि दोष गिटारला दिला जातो.

प्रश्न (पुणे): ड्रमरने गायकावर दावा लावला आणि जिंकला, असं टिपणात होतं. बँडमध्ये चौघांचा वाटा कमीजास्त असू शकत नाही का?

असू शकतो. पण तसं ठरलं होतं हे सिद्ध करावं लागतं. इथे तेच जमलं नाही.

आधी पैशांचे दोन हिस्से समजून घ्या. एक गाणं लिहिण्याचा आणि चालीचा पैसा. तो फक्त मॉरिसी आणि मार यांचा होता आणि त्यावर वाद नव्हताच. दुसरा रेकॉर्डिंगमध्ये वाजवण्या-गाण्याचा, म्हणजे रेकॉर्ड विकल्यावर कलाकारांना मिळणारा. हा पैसा 40, 40, 10, 10 असा वाटला जात होता. म्हणजे एक लाख पौंड आले तर जॉइसला दहा हजार. रफ ट्रेडच्या करारावर बँडच्या बाजूने सह्या फक्त मॉरिसी आणि मार यांच्या होत्या, आणि चौघांमध्ये आपसात कागद नव्हता.

1989 मध्ये रूर्क आणि जॉइस दोघेही कोर्टात गेले. रूर्कला पैशांची तातडीची गरज होती. 83,000 पौंड रोख आणि पुढे 10 टक्के यावर त्याने तडजोड केली. जॉइस थांबला. डिसेंबर 1996 मध्ये लंडनच्या हायकोर्टात सुनावणी झाली. इंग्लंडच्या 1890 च्या भागीदारी कायद्याचं कलम 24 सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर भागीदारांचा नफ्यात समान वाटा. जॉइसने 10 टक्के मान्य केल्याचं न्यायाधीशांना पटलं नाही. म्हणून 25 टक्के. मागची थकबाकी सुमारे दहा लाख पौंड झाली. मॉरिसीचं अपील 1998 मध्ये फेटाळलं गेलं. त्याच कलमाने रूर्कलाही 25 टक्के मिळू शकले असते, पण त्याचा विषय तडजोडीने मिटला होता. पुढे 1999 मध्ये त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. या सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते त्याचं. त्याच्या बेसशिवाय ती गाणी तशी चाललीच नसती.

प्रश्न (ठाणे): आमचा चौघांचा बँड आहे, कॉलेजातला. स्वतःची सहा गाणी आहेत. आम्ही कागदावर काय लिहावं?

आपला 1932 चा भागीदारी कायदा इंग्लंडच्याच कायद्याच्या वळणाचा आहे. कलम 13 तेच म्हणतं: ठरलेलं नसेल तर समान वाटणी. तेव्हा आधी ठरवा, मग वाजवा.

प्रत्येक गाण्याला एक पान करा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगमध्ये कोणी काय वाजवलं, तारीख, चौघांच्या सह्या. गाणं बाहेर येण्याआधी करा, नंतर कोणालाच नीट आठवत नाही. ड्रमरने सुचवलेल्या तुकड्याला चालीत वाटा द्यायचा का, हे त्या पानावरच टक्क्यांत लिहा. गीतकार आणि संगीतकाराने आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्यावं. वाजवणाऱ्याचा हक्क वेगळा असतो, आपल्या कॉपीराइट कायद्यात तो 50 वर्षांचा आहे.

मग भागीदारीपत्र. त्यात कार्यक्रमाचा पैसा आणि रेकॉर्डिंगचा पैसा वेगळे दाखवा, कारण दोन्हींचं प्रमाण वेगळं असू शकतं. बँडचं नाव कोणाचं, एक जण गेला तर उरलेल्यांनी ते वापरायचं का, गेलेल्याला जुन्या रेकॉर्डिंगचा वाटा किती काळ, मिक्सर आणि अ‍ॅम्प कोणाच्या पैशांनी घेतले, बाहेर पडण्याची नोटीस किती दिवसांची, आणि कंपनीच्या करारावर सही कोणाची. या शेवटच्या मुद्द्यावर चौघांनीही सही करा, असं आमचं स्पष्ट मत आहे. अठरा वर्षांखालचा कोणी असेल तर तो भागीदार होऊ शकत नाही, त्याची सोय वकिलाकडून वेगळी करून घ्या. फर्मची नोंदणीही करा. सक्ती नाही, पण नोंदणी नसली तर करारातल्या हक्कासाठी एका भागीदाराला दुसऱ्यावर दावा लावता येत नाही. तो कागद मग कपाटातच राहतो.

प्रश्न (औरंगाबाद): मुलगा मँचेस्टरला शिकायला आहे. तिथे या बँडशी संबंधित काय बघता येईल? आणि ते पुन्हा एकत्र येतील का?

सॅल्फर्ड लॅड्स क्लब. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमधला, 1903 मध्ये सुरू झालेला मुलांचा क्लब आहे. त्याच्या दारात काढलेला चौघांचा फोटो 'द क्वीन इज डेड'च्या आतल्या पानांवर आहे. शहरात व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर रिट्झ आहे, तिथे 4 ऑक्टोबर 1982 ला पहिला कार्यक्रम झाला. तेव्हा बेसवर रूर्क नव्हता, डेल हिबर्ट होता. स्ट्रेटफर्डच्या किंग्ज रोडवरचं मॉरिसीचं जुनं घर रस्त्यावरूनच पाहावं, आत लोक राहतात.

एकत्र येणं आता शक्य नाही. अँडी रूर्क 19 मे 2023 रोजी कर्करोगाने गेला.