हायवेचा चौक अन् नवा हात
भाऊ, लायसन्स नवं अन् चौक रोजचा, तर सध्या एवढंच सांभाळ.

हिरवा पडला की लगेच क्लच सोडू नको. एक-दोन मोज, दोन्हीकडं पाहा, मग निघ. पिवळ्यात दामटणारा एखादा ट्रक हमखास असतो, अन् भरलेला ट्रक ब्रेक दाबल्यावरही बराच पुढं येतो. सगळे नवे इथंच चुकतात.

मागचा हॉर्न वाजवतो म्हणून लाल तोडू नको. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर ते धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. दंड १,००० ते ५,००० रुपये, कैदही होऊ शकते. वाजवू दे त्याला.

ट्रकच्या डाव्या बगलेत शिरू नको. आरशात ड्रायव्हर दिसत नसेल, तर तूही त्याला दिसत नाहीस.

कापसाच्या दिवसांत ट्रॉलीला मागं दिवाच नसतो. दहा हात मागं थांब. ओव्हरटेकचं नंतर पाहू.