दिवटी विझली तेव्हा पप्पा भेळ खात होते

"मावशी, आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. मुलगी ८ वर्षांची, तिसरीत आहे. डिसेंबरात तिच्या डान्स क्लासचा कार्यक्रम राजवाड्याजवळ उघड्या मैदानावर होता. तिच्या ग्रुपचा गोंधळाचा डान्स होता, हातात पुठ्ठ्याची दिवटी आणि त्यात बॅटरीचा दिवा. मी, हे, सासूबाई, शिवाय कोरेगावहून नणंद, दाजी आणि त्यांची दोन मुलं, असे ७ जण गेलो. कार्यक्रम ६ चा, सुरू झाला साडेसातला, मग सत्कार. हिचा नंबर ९ वा होता तो १७ वा झाला. सासूबाईंना थंडी वाजायला लागली म्हणून नणंदेने त्यांना गाडीत नेऊन बसवलं, हे आणि दाजी मुलांना घेऊन चौपाटीवर भेळ खायला गेले आणि नेमकी तेव्हाच हिची एंट्री. मी एकटी शूटिंग करत होते तर मधेच स्टोरेज फुल. घरी येताना हिने विचारलं पप्पा माझा डान्स कसा झाला, हे म्हणाले एक नंबर. मग ती म्हणाली, माझी दिवटी विझली तेव्हा तुम्हाला काय वाटलं? हे म्हणाले, विझली कुठं, मस्त पेटली होती की. तेव्हापासून ती गप्प आहे, क्लासला जायचं नाही म्हणते. सासूबाई म्हणतात बरं झालं, फी वाचली. हे म्हणतात पोरं विसरतात, पुढच्या वर्षी बघू. आजीने गाडीतून बघितलं असं तरी मी तिला सांगू का?"

नको गं बाई. एक खोटं तिने चालत्या गाडीत पकडलंय, आता तू दुसरं कशाला नेऊन देतेस तिच्याकडे?

तुझ्या मिस्टरांवर मी फार चिडू शकत नाही कारण मीही हेच केलंय. माझा भाचा पहिलीत असताना त्याच्या गॅदरिंगला गेले होते, तो झाड झाला होता. स्टेजवर सहा झाडं, सगळ्यांची तोंडं हिरव्या रंगाने माखलेली, मी आपली कडेच्या झाडाला बघून टाळ्या वाजवल्या आणि नंतर त्याला म्हटलं, काय मस्त डुलत होतास रे! तो म्हणाला, मावशी मी नाही डुललो, मी मधलं झाड, मला डुलायचं नव्हतं. आज पोरगा पुण्यात नोकरी करतो आणि अजून मित्रांना माझी ओळख करून देताना झाडाची गोष्ट सांगतो. तेव्हा पोरं विसरतात हे तुझ्या मिस्टरांनी डोक्यातून काढून टाकावं.

आता तिचा प्रश्न परत एकदा वाच. भर स्टेजवर तिची दिवटी विझली, आजूबाजूच्या सगळ्या पोरींच्या पेटलेल्या, समोर एवढी माणसं, लाइट, आवाज. मग तिने काय केलं? थांबली, रडली, टीचरकडे बघितलं, का विझलेलीच दिवटी वर धरून तशीच नाचली? तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात याचं उत्तरच नाही. सासूबाईंची थंडी आहे, भेळ आहे, सत्कार आहेत, स्टोरेज आहे, पण हे नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण हेच की तेव्हा तू मान खाली घालून फोनमधले फोटो उडवत होतीस. रागावू नकोस. आई म्हणून तू उभी होतीस, पाय दुखेस्तोवर उभी होतीस, पण त्या दोन मिनिटांत तुलाही ती दिसली नाही. तिच्यावर काय गुदरलं ते घरात फक्त तिलाच माहितीय.

म्हणून मिस्टरांना सांग, माफी मागायला तिला चॉकलेट, ड्रेस, काही आणायचं नाही. सकाळी शाळेत सोडताना गाडीवर दोघंच असतील ना, तेव्हा सरळ म्हणायचं, "मी खोटं बोललो, तुझा नाच चालू होता तेव्हा मी भेळ खात होतो." भेळ हा शब्द आलाच पाहिजे, उगाच "कामात होतो" वगैरे नको. कार्यक्रम किती लेट झाला, दाजी कसे ओढून घेऊन गेले, हेही नको, ते सगळं खरं असलं तरी नको. आणि मग विचारायचं, दिवटी विझल्यावर तू काय केलंस? ती बोलणार नाही कदाचित. दोन दिवसांनी बोलेल, किंवा भलत्याच वेळी, जेवताना वगैरे. बोलली की मधे तोंड घालायचं नाही. तूही तुझं स्टोरेजचं सांगून टाक तिला.

आणि प्लीज, "चल आता सगळ्यांसमोर करून दाखव" असं हॉलमध्ये उभं करू नका पोरीला, नणंद आली की तर मुळीच नाही. क्लासच्या ग्रुपवर कुणा ना कुणा आईने अख्ख्या डान्सचा व्हिडिओ काढलेला असतोच, तो मागवून ठेव, पण ती म्हणेल तेव्हाच तिच्यासोबत बसून बघायचा. आधी चोरून बघून "हो हो विझली होती खरं" असं मिस्टरांनी केलं तर मी साताऱ्याला येऊन त्यांचा कान धरीन.

सासूबाईंशी भांडू नकोस. डिसेंबरात साताऱ्यात सात वाजले की उघड्यावर गारठा काय असतो, खाली गवत ओलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्या वयात कोण अडीच तास बसेल? फीचं बोलल्या ते मात्र पोरीसमोर बोलू नका एवढं म्हण. उलट त्यांना एक काम दे. तुमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घातला होता का? घातला असेल तर त्यांना सगळं पाठ असणार, संबळ कसा वाजत होता, तुणतुण्यावर कोण होतं, रात्री किती वाजेपर्यंत चाललं. नातीला तेलावरची खरी दिवटी कशी असते ते त्यांना सांगू दे, कापडाच्या पिळ्याची, आणि सोबत तेलाची बुधली, दिवटी मंद व्हायला लागली की बुधलीतलं तेल घालायचं. तिच्या पुठ्ठ्याच्या दिवटीला बुधलीच नव्हती बिचारीच्या. आजीने नाच पाहिला नाही तो नाहीच पाहिला, पण एवढं तर ती देऊ शकते की.

क्लासचं म्हणशील तर महिनाभर विषय काढू नकोस. टीचरला फोन करून सांगून ठेव, जागा ठेवा म्हणावं. महिन्यानंतरही नको म्हणाली तर नको. सगळ्यांनी आयुष्यभर नाचलंच पाहिजे असं काही नाही, मी तर कधीच नाचले नाही.

पुढच्या वेळी कुठलाही उघड्यावरचा कार्यक्रम असला की सात जणांची वरात नेऊ नका. तू, मिस्टर, आणि आजींना यायचंच असेल तर त्यांना त्या नंबरच्या वेळी मिस्टरांनी जाऊन घेऊन यायचं, स्वेटर, कानटोपी, थर्मासात चहा. पत्रिकेतल्या नंबरावर विश्वास ठेवू नको, पाहुणे आले की नंबर हलतात, आणि लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो (२००० सालापासूनचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे) म्हणून शेवटी शेवटी आयोजक घाई करून दोन डान्स पटापट आधीच उरकून घेतात. तेव्हा दर अर्ध्या तासाने स्टेजमागे जाऊन टीचरला विचारायचं, आता कुठला चालूय. शूटिंग दुसऱ्या कुणाला तरी सांग, शेजारच्या खुर्चीतल्या बाईला सांगितलं तरी करते ती. भेळ नंतर, पोरीला सोबत घेऊन, तिला तिखट चालतं का विचारून.

आणि फोनमधले ते गुड मॉर्निंगचे फोटो आजच उडव, पत्र वाचून झाल्या झाल्या.