चेन मेल आणि दबकी पावलं

प्रश्न : आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती (2014) खेळतो. आमचा रोग (rogue, चोरट्या पावलांचं पात्र) पहाऱ्यातून अलगद निसटतो, पण चेन मेलवाला (कड्यांचं चिलखत घातलेला) फायटर, म्हणजे लढवय्या, दर वेळी सगळ्यांना पकडून देतो. काय करावं?

उत्तर : आधी हिशेब बघा. पहिल्या लेव्हलचा रोग, डेक्स्टेरिटी (चपळाई) 16, म्हणून फाशावर +3. प्रोफिशियन्सी (सरावाचे गुण) +2, स्टेल्थमध्ये (लपूनछपून वावरण्यात) एक्स्पर्टीज घेतली असेल तर त्याचे दुप्पट, म्हणजे +2 ऐवजी +4. एकूण +7. पहारेकऱ्याचं पॅसिव्ह परसेप्शन (मुद्दाम न शोधताही चाहूल लागण्याचा आकडा) 12 गाठायला वीस बाजूंच्या फाशावर 5 पुरतात, म्हणजे 80 टक्के. डेक्स्टेरिटी 10 च्या फायटरला मात्र 12 पडायलाच हवेत. वर चेन मेलचा डिसॲडव्हान्टेज : दोन फासे टाकायचे, लहान आकडा धरायचा. हाती उरतात जेमतेम 20 टक्के. चिलखत उतरवायला 5 मिनिटं, चढवायला 10. तेवढी सवड असेल तर उतरवाच.

नाहीतर डीएमकडे (खेळ चालवणाऱ्याकडे) ग्रुप चेक, म्हणजे सगळ्या टोळीची एकत्र चाचणी, मागा. निम्मे पास झाले की सगळी टोळी पास; तुमच्यात तिघे पुरे.

डीएम दर दाराशी नवा फासा टाकायला लावतो का? मग रोगसुद्धा अडकणार. 80 टक्के लागोपाठ तीनदा म्हणजे फक्त 51. परिस्थिती बदलेपर्यंत एकच आकडा चालू ठेवावा. आणि हो, 20 पडले म्हणून स्किल चेक (स्टेल्थसारख्या कौशल्याची चाचणी) आपोआप पास होत नाही. ती सवलत हल्ल्याच्या फाशाला.