कॅनडात बिझनेस लॉ घेतोयस ना? मग हे वाच

बी.कॉम.ला १८७२ चा करार कायदा घोकलायस, म्हणून निवांत राहू नकोस. मी तसाच राहिलो आणि मिडटर्मला आपटलो. आपल्याकडे भारतात आधीच करून दिलेलं कामही प्रतिफल (वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला) म्हणून चालतं. कॅनडाच्या कॉमन लॉमध्ये (कोर्टाच्या जुन्या निकालांवर उभ्या कायद्यात) सहसा नाही. शेजाऱ्याने तुझ्या दारातला बर्फ उपसला आणि नंतर तू 'पन्नास डॉलर देतो' म्हणालास, तर तो करार होत नाही. (क्युबेकचं गणितच वेगळं, तिथे सिव्हिल कोड, म्हणजे लिखित कायदेसंहिता.)

खटले पाठ करू नकोस, त्यातली गोष्ट धर. मुस्तफा विरुद्ध कलिगन, २००८: पाण्याच्या बाटलीत मेलेली माशी दिसली, माणूस पाणी प्यायलाही नाही, पण मनाने पार खचला. कंपनीचा निष्काळजीपणा खरा, त्रासही खरा. तरी कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने भरपाई नाकारली. का? सर्वसाधारण माणसाला इतका धक्का बसेल, हे आधी ओळखता येण्याजोगं नव्हतं. टॉर्टचा (करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केल्यास भरपाई देण्याच्या कायद्याचा) निम्मा धडा यातच आला.

पेपरात निकालापेक्षा कारणाला मार्क असतात. मुद्दा, नियम, तो इथे कसा लागतो, मग उत्तर. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त लिही. आणि हो, २०१४ चा भसीन खटला सोडू नकोस, करार पाळताना प्रामाणिक राहण्याचं बंधन तिथून आलं.