शास्त्रज्ञाला तालमीला बोलव

प्रिय बेटा,

खर्डा वाचला. नागपुरात बसून बोंडअळीवर नाटक लिहायचं तुला सुचलं, याचा फार आनंद झाला. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, शहरात पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे, आणि आपली नाटकं मात्र बहुतेक दिवाणखान्यातच घडतात.

पण पांढरा कोट घालून माहिती सांगणारा तो शास्त्रज्ञ काढून टाक. माहिती मोबाइलवरही मिळते. तुला पेच हवा, आणि तो या विषयात ठासून भरलाय.

2002 साली बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली, तेव्हाच अट होती की कडेने थोडी नॉन-बीटी लावायची. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचं वेगळं बियाणं त्यासाठीच यायचं. त्या साध्या पऱ्हाटीवर काही अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी संकर व्हावा आणि पुढची पिढी बीटीवर मरावी, असा तो हिशेब. म्हणजे पीक वाचवायचं तर थोडी अळी जगू द्यायची! कर्ज काढून पेरणाऱ्या बापाला हे पटवणारी कृषी पदवीधर लेक डोळ्यांपुढे आण. तुझा दुसरा अंक तिथे आहे.

अनेकांनी ते बियाणं पेरलंच नाही, आणि 2017च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ पोळला. हे ऐकून संस्थेतला खरा शास्त्रज्ञ तुला म्हणेल, "एवढंच कारण नाही. लांब मुदतीचे वाण होते, फरदड होती, म्हणजे हंगाम संपला तरी पीक शेतात तसंच ठेवलं होतं." तू वैतागशील, कारण प्रवेशाची धार जाते असं वाटेल. तेच वाक्य जपून ठेव. बाप चिडून विचारतो, 'मग चूक कोणाची?' आणि समोरचा माणूस एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही. हा क्षण तुला घरी बसून लिहिता आला नसता.

म्हणूनच संहिता पूर्ण करून 'तपासून द्या' म्हणत शास्त्रज्ञांकडे जाऊ नकोस. तपासणारा माणूस फक्त चुका काढतो. पहिल्या वाचनापासून त्यांना तालमीत बसव. येताना डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, आणि किडकी बोंडं आणायला सांग. अळी आत शिरली की बोंड वाढताना तिचं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. नटांनी ते स्वतः ब्लेडने चिरावं. आत सडलेली सरकी, डागाळलेली रुई आणि गुलाबी अळी दिसली की हात आपोआप मागे येतो. ती हालचाल बसवून येत नाही. मात्र हे सगळं बोंडं धरण्याच्या दिवसांतच जमेल, तेव्हा तालमींचं वेळापत्रक पिकाप्रमाणे लाव.

आणि त्यांनाही काही विचार: त्या वर्षी शेतकऱ्यांच्या बैठकीत उभं राहताना काय वाटलं? शोधनिबंधात न छापता येणारं ते बोलतील. जाहिरातीत त्यांचं नाव आभारात ढकलू नकोस, लेखनसाहाय्यात दे.

नागपुरातल्या सायंटिफिक सभागृहातला प्रयोग नंतर. आधी यवतमाळ-वर्ध्याकडच्या कापूसवाल्या गावात कर, वेचणी उरकल्यावर. तिथल्या बाया पहिल्या दहा मिनिटांतच सांगतील, पऱ्हाटी खरी वाटते की नाही.

पुढचा खर्डा शास्त्रज्ञाशी भांडून झाल्यावरच पाठव.

तुझा,
काका