कार्तिक महिना पाडव्याला सुरू होतो, मग कार्तिकस्नान कोजागिरीपासून का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. कॅलेंडरमध्ये कार्तिक दिवाळीच्या पाडव्याला लागतो, पण तुमच्या आई कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून कार्तिकस्नान करतात, तर चुकतंय कोण? आणि गुडघ्यांमुळे आता त्यांना नदीवर उतरता येत नाही, तर घरी केलेलं स्नान धरलं जातं का?

पहिल्याचं उत्तर असं, की आईंचं बरोबर आहे आणि कॅलेंडरही चुकलेलं नाही. आपल्या देशात चांद्रमहिना मोजायच्या दोन रीती आहेत. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र या भागांत महिना अमावास्येला संपतो, त्याला अमांत म्हणतात. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो, तो पौर्णिमांत. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो. वद्य पक्ष लागला की उत्तरेकडचे पुढच्या महिन्याचं नाव घेतात. म्हणून आपण लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला करतो, आणि काशीत तीच रात्र कार्तिक अमावास्येची असते. माउलींच्या समाधीची तिथी आपल्या तोंडी कार्तिक वद्य त्रयोदशी अशी बसली आहे; उत्तरेच्या पंचांगात त्या दिवशी मार्गशीर्ष चालू असतो.

सणवार, जयंत्या, श्राद्धपक्ष यांना आपण अमांत महिना धरतो. पण महिनाभर चालणारी स्नानं आली की आपणही पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतच मोजतो. माघस्नान पौष पौर्णिमेला, म्हणजे शाकंभरी पौर्णिमेला सुरू होतं आणि माघी पौर्णिमेला संपतं. प्रयागचा कल्पवास, म्हणजे महिनाभर संगमावर राहून केलेलं व्रत, याच काळातला. वैशाखस्नान हनुमान जयंतीला, म्हणजे चैत्र पौर्णिमेला सुरू होतं. तसंच कार्तिकाचं: कोजागिरीपासून, म्हणजे आश्विन पौर्णिमेपासून, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. २०२५ साली कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती, पाडवा २२ ऑक्टोबरला आणि कार्तिकी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला. पाडव्यापासून धरलं असतं तर स्नानाचा निम्मा महिनाच हातातून गेला असता.

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला ‘धर्मसिंधु’ आपल्याकडचे जुने लोक प्रमाण मानतात. त्यात आरंभासाठी आश्विन शुद्ध दशमी, एकादशी किंवा पौर्णिमा असे तीन पर्याय आहेत. त्यामुळे कुणी दसऱ्यापासूनच स्नान धरत असेल तर तेही शास्त्राला धरून आहे.

एक पुरावा मला फार आवडतो. कार्तिकस्नान करणाऱ्याने महिनाभर अंगाला तेल लावायचं नाही, अपवाद फक्त नरक चतुर्दशीचा, असा नियम आहे. आता आपल्या पंचांगात नरक चतुर्दशी आश्विनात येते. कार्तिकाच्या व्रतात आश्विनातल्या दिवसाला सूट कशाला द्यायची? सूट द्यावी लागली, कारण व्रत त्या दिवशी चालूच होतं. आपलं दिवाळीचं अभ्यंगस्नान या मोठ्या स्नानाच्या पोटातलं आहे, हे मला माझ्या आजीकडून कळलं तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची होते. तोपर्यंत मी ही दोन वेगळी स्नानं समजत होते.

आणि पोथीही बाजूला ठेवा. गावोगावच्या विठ्ठलमंदिरात काकडा कधी बसतो? कोजागिरीला. उठतो कधी? त्रिपुरीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला. ज्या बायकांनी कधी पंचांग उघडलेलं नाही त्याही हेच दिवस धरत आल्या आहेत.

तुम्ही महत्त्व विचारलेलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

पावसाळाभर नदी गढूळ, दुथडी भरलेली असते. शरदात गाळ खाली बसतो, पात्र निवळतं. आयुर्वेदात या दिवसांतल्या पाण्याला हंसोदक म्हटलं आहे: दिवसा सूर्याने तापलेलं, रात्री चंद्राने निववलेलं, आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेलं. म्हणजे नदीत उतरण्याजोगं पाणी पावसाळ्यानंतर पहिल्यांदा मिळतं ते याच महिन्यात. त्याच वेळी चातुर्मास संपत आलेला असतो. आषाढी एकादशीला निजलेला विष्णू कार्तिकी एकादशीला उठतो.

पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात हे सगळं एका कथेत येतं. विष्णू निजलेला असताना शंखासुराने वेद पळवले आणि ते पाण्यात दडले. प्रबोधिनीला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, देवांनी विष्णूला जागं केलं, त्याने मत्स्यरूप घेऊन शंखासुराला मारलं आणि वेद परत आणले. मग वर दिला, की या महिन्यात वेद पाण्यात वास करतील. मला वाटतं सगळ्या माहात्म्याचं मर्म या ठिकाणी आहे. पाप धुतलं जातं वगैरे फलश्रुती प्रत्येक व्रताला असते. इथे मात्र आपण पाण्यात उतरतो ते वेद जिथे राहायला आले आहेत तिथे जातो, आणि म्हणून त्या पाण्याशी कसं वागायचं हेही ठरतं. तीर्थात मळ काढायचा नाही. आधी काठावर, बाहेर घेतलेल्या पाण्याने अंग स्वच्छ करायचं, त्याला मलापकर्षण स्नान म्हणतात, आणि मग बुडी. थुंकणं, चूळ टाकणं, कपडे पिळणं सगळं वर्ज्य. आज घाटावर साबणाचा फेस आणि शाम्पूच्या रिकाम्या पुड्या दिसतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण हे नियम नवे नाहीत. ते व्रताइतकेच जुने आहेत.

याच माहात्म्यात आपला सह्याद्रीही येतो. कलहा नावाच्या पिशाच झालेल्या बाईला आपल्या कार्तिकव्रताचं अर्धं पुण्य देऊन सोडवणारा धर्मदत्त हा करवीरचा, म्हणजे कोल्हापूरचा. आणि ब्रह्मदेवाच्या यज्ञात शाप मिळून देव नद्या झाले ती कथाही तिथलीच: विष्णू कृष्णा झाला, शिव वेण्णा झाला, आणि ब्रह्मदेव ककुद्मती, म्हणजे आपली कोयना. वेण्णा कृष्णेला साताऱ्याजवळ माहुलीला भेटते, कोयना कऱ्हाडला. आमचं घर वाईचं. गणपती घाटाच्या पायऱ्या उतरताना आजी ही कथा सांगायची, त्यामुळे समोरची नदी मला देवळातल्या मूर्तीपेक्षा वेगळी कधी वाटलीच नाही.

आता आईंचं. घरी केलेलं स्नान धरतात. शास्त्रात पाण्याची चढती पायरी सांगितली आहे: घरातलं पाणी, विहीर, तळं, नदी, संगम. घरच्या पाण्याचं फळ कमी म्हटलंय, पण ते पायरीवरून खाली ढकललेलं नाही. वेळेच्या बाबतीत मात्र इतकी सवलत नाही. स्नान सूर्योदयाच्या आधी, आकाशात तारे असताना व्हायला हवं. नदी चुकली तर चालेल, पहाट चुकवू नये, असं मी तरी मानते. आठ वाजता गीझरच्या पाण्याने केलेली अंघोळ ती अंघोळच.

आजी थकल्यावर शेवटची सहा वर्षं मोरीतच स्नान करायची. आदल्या रात्री तांब्याची कळशी भरून तुळशीजवळ ठेवायची. पहाटे ते पाणी बादलीत ओतून ‘कार्तिकेऽहं करिष्यामि प्रातःस्नानं जनार्दन’ एवढा संकल्प म्हणायची, मग ‘गंगे च यमुने चैव’ म्हणून नद्यांना बोलवायची. त्या श्लोकात सात नद्या आहेत, गोदावरी आहे, कावेरी आहे, पण कृष्णा नाही. आजीला ते सोसायचं नाही. श्लोक संपला की ती हळूच ‘कृष्णामाई, तूही ये गं’ म्हणायची.

स्नानानंतर तुळशीपाशी दिवा. कार्तिकाचा अधिपती दामोदर. (संध्येत केशवापासून विष्णूची जी नावं घेतात, त्यातली पहिली बारा मार्गशीर्षापासून एकेका महिन्याची आहेत, बारावं दामोदर.) दिवा हा या व्रताचा स्नानाइतकाच मोठा भाग आहे. काशीला पंचगंगा घाटावर कार्तिकात बांबूच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे टांगतात; तिथली दगडी दीपमाळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेली आहे. आपण दिवाळीत दारावर लावतो तो आकाशकंदील त्याच घराण्यातला. शिवाय द्विदल, म्हणजे डाळी-कडधान्यं, या महिन्यात सोडतात. आईंना मधुमेह वगैरे असेल आणि डॉक्टरांनी डाळी खायला सांगितल्या असतील तर हा नियम खुशाल सोडावा.

महिनाभर रोज पहाटे थंड पाणी त्यांना झेपणार नसेल तर शेवटचे तीन दिवस धरावेत: त्रयोदशी, वैकुंठ चतुर्दशी आणि त्रिपुरी पौर्णिमा. पूर्ण महिना न जमणाऱ्यांसाठी शास्त्रानेच ही सोय ठेवली आहे. वैकुंठ चतुर्दशीला विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहतात, एरवी उलट असतं. तो दिवस घरातल्या लहानांना बरोबर घेऊन करावा असा आहे, मुलांना ही अदलाबदल फार आवडते.

पाणी कोमट चालेल. आजारी आणि वृद्ध माणसांनी गार पाण्याचा हट्ट धरू नये. कुणी नदीवर जाणार असेल तर आईंसाठी एक तांब्या पाणी आणायला सांगा, ते बादलीत घाला. तुम्हीच गेलात तर उत्तम. परत येईपर्यंत उजाडायला नको, एवढं बघा. तुळशीपाशी दिवा लावायला त्या तुमची वाट बघत बसतील.