सगळं उरकायची वाट पाहू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र पोचलं. ‘एवढं एक काम हातावेगळं झालं की जरा स्वतःकडे बघेन’ हे वाक्य त्यात पुन्हापुन्हा येतं; दर वेळी फक्त कामाचं नाव बदलतं. आधी परीक्षा होती, मग नोकरीचा शोध, मग नोकरीतला पहिला प्रकल्प आणि आता दुसरा. सगळं उरकल्याचा दिवस काही उगवत नाही, हे तुझंच पत्र सांगतंय. म्हणून आधी तो बेत सोडून दे. कामं पडलेली असतानाच थांबता यायला हवं, आणि ते शिकता येतं.

थांबणं अवघड का जातं हे समजून घे, म्हणजे स्वतःला दोष देणं तरी कमी होईल. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिलं की एक काम अपुरं टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच रेंगाळतो. तू रात्री अंथरुणावर पडतेस आणि डोक्यात कचेरी चालू राहते, त्यात तुझ्या स्वभावाचा दोष नाही. यावर एक सोपा उतारा आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांच्या २०११ सालच्या प्रयोगांत असं दिसलं की काम पुरं झालं नसलं, तरी ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवून टाकलं की त्याची मनातली टोचणी खूपच कमी होते. तेव्हा दिवसाचं काम थांबवताना एक चिठ्ठी लिहीत जा. त्यावर नुसतं ‘अहवाल’ असं लिहून भागत नाही. ‘उद्या आल्याआल्या अहवालाच्या दुसऱ्या भागातले आकडे तपासायचे’ असं लिही. चिठ्ठी कामाच्या जागीच ठेव आणि उठ.

शरीराबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते तुला ठाऊक आहे, फक्त तू ते ऐकत नाहीस. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप लागते. त्यातून तास-दीड तास रोज काढून घेऊन कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या नेहमीपेक्षा कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद लांबवर नजर टाक. जीव घाबरा झाला की श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा वाढव. मिनिटाला साधारण ६ श्वास, एवढ्या संथ लयीवर आलीस की हृदयाची लयही निवांत होऊ लागते. यातलं काहीच विकत आणावं लागत नाही.

आता खरं म्हणणं. ‘नुसती शांत बस’ हा सल्ला तुला आजवर अनेकांनी दिला असेल. तो मी देणार नाही. सतत धावणाऱ्या माणसाला एकदम रिकामं बसवलं की रिकामपणच अंगावर येतं आणि हात आपोआप फोनकडे जातो. तुझ्यासारख्यांना थांबायचं तर हाताला काहीतरी काम लागतं. पण ते काम असं हवं की ज्याची कुणी वाट पाहत नाही, ज्याला मुदत नाही, आणि बिघडलं तर कुणाचं काही जात नाही. कागद कापणं, शिवणं, रेघोट्या मारणं, मातीचा गोळा मळणं, काहीही.

‘पण मला चित्र काढता येत नाही’ असं तू लिहिलंस. गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. १८ ते ५९ वयाच्या ३९ जणांना त्यांनी ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं आणि चिकटकामाचे कागद दिले आणि हवं ते करा म्हणून सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, मोजलं. साधारण पाऊण लोकांमध्ये ते उतरलेलं दिसलं. ज्यांना कलेचा सराव होता आणि ज्यांना अजिबात नव्हता, त्यांच्यात याबाबत फारसा फरक आढळला नाही. उरलेल्या पाव लोकांमध्ये ते उतरलं नाही, हेही लक्षात ठेव. पहिल्याच संध्याकाळी हलकं वाटलं नाही तर ‘मला हेही जमत नाही’ असं म्हणत बसू नकोस. ३९ माणसांवरून मोठे दावे करता येत नाहीत, पण तुझ्या त्या एका वाक्याला उत्तर द्यायला हा अभ्यास मला पुरेसा वाटतो.

एक धोका आताच सांगून ठेवते: सामान खरेदी. नवा छंद म्हटलं की आपण आधी रंगांचे संच, खास कागद, खास कात्र्या मागवतो. मागवण्यातच हौस फिटते आणि महागाच्या कागदावर पहिली रेघ मारायला हात धजावत नाही. स्वस्त सामानाचा मोठा गुण हा की ते वाया घालवायची भीती वाटत नाही. मेरी डेलनी या इंग्रज बाईंचं उदाहरण मला फार आवडतं. १७६८ साली त्यांचे पती वारले. त्यानंतर काही वर्षांनी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला सुरुवात केली. दृष्टी अधू होईपर्यंत, दहा-एक वर्षांत, त्यांच्या हातून अशी ९८५ फुलं झाली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तुझी फुलं तिथे जावीत म्हणून हे सांगत नाहीये. कात्री, कागद, डिंक आणि रोज पाकळीकडे नीट बघण्याची सवय यांवर त्यांची दहा वर्षं भरली, हे तुला दिसावं म्हणून सांगतेय.

सुरुवात वहीपासून कर. विकतच्या नाही, तू बांधलेल्या वहीपासून. ए-४ आकाराचे ५ कागद घे. एका बाजूला छापलेले, टाकून द्यायचे असले तरी उत्तम. हा छपाईचा कागद बनतो तेव्हा त्यातले तंतू बहुधा लांब बाजूला समांतर बसतात, म्हणून मधोमध घातलेली घडी तंतूंना आडवी जाते आणि कागद जरा हट्ट करतो. पाचही एकदम दुमडू नकोस. एकेक दुमड, चमच्याच्या पाठीने घडीवरून दाबून घे आणि मग एकात एक बसव. १० पानं, २० पृष्ठं झाली. बाहेरून एखाद्या खोक्याचा पातळ पुठ्ठा त्याच मापाचा दुमडून लाव.

वही उघडून घडीच्या रेषेवर तीन भोकं पाड: एक बरोबर मध्ये आणि उरलेली दोन दोन्ही टोकांपासून अडीच-तीन सेंटिमीटर आत. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घे. मधल्या भोकातून सुई आतून बाहेर काढ, पण दोऱ्याचं शेपूट आत राहू दे. वरच्या भोकातून आत ये. आता मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर जा आणि मधल्या भोकातून पुन्हा आत ये. दोन्ही टोकं आता आतल्या लांब टाक्यापाशी आली असतील; त्या टाक्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक असं धरून गाठ मार. झाली वही. आतली पानं बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे डोकावतील. कागदाच्या जाडीमुळे तसं होतंच, कापून सारखी करत बसू नकोस.

एवढं सविस्तर लिहिलं ते मुद्दाम. ‘काहीतरी क्रिएटिव्ह कर’ म्हणणं सोपं असतं, पण दमलेल्या माणसाला ‘काहीतरी’ शोधण्याचाही शीण होतो. इथे शोधायचं काही नाही. सुई पुढे कुठे जाणार हे ठरलेलं आहे. अशा वेळी मन थोडं मागे सरतं आणि हात पुढे होतात. तुला हवा आहे तो विसावा तिथेच आहे, असं मला वाटतं.

वहीत काय करायचं? पहिले काही दिवस हात काढ, स्वतःचाच. डावा हात समोर ठेव, त्याच्या कडेवरून नजर मुंगीच्या गतीने सरकव आणि तेवढ्याच सावकाश उजव्या हातातली पेन्सिल कागदावर चालव. कागदाकडे मात्र बघायचं नाही. चित्र वेडंवाकडंच येणार, कुणाचंही तसंच येतं. पण त्या पाच मिनिटांत नखाची कड, बोटाच्या सांध्यावरच्या सुरकुत्या, असं बरंच काही तू पहिल्यांदा पाहशील. कंटाळा आला तर झाडाचं एखादं पान उपडं ठेव, म्हणजे शिरांची बाजू वर येईल. त्यावर पातळ कागद धर आणि पेन्सिल आडवी करून हलकेच घास. नाणं, लाकडी फळी, खडबडीत भिंत, सगळ्यांचे ठसे असे घेता येतात. माक्स एर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ साली लाकडी फरशीवरच्या रेषांचे असेच ठसे घेतले आणि त्यातून चित्रांची एक नवी पद्धतच उभी केली. तुझ्या पुठ्ठ्याच्या वहीत तेच तंत्र फुकट मिळतंय.

फाटलेला कपडा असेल तर तो रफू कर, आणि टाके लपवण्याच्या भानगडीत न पडता मुद्दाम वेगळ्या रंगाचा दोरा घे. आधी उभे धागे ओढायचे, मग एक वर एक खाली असे आडवे धागे विणत जायचे, आणि चारही बाजूंनी भोकाच्या थोडं पलीकडे, चांगल्या कापडापर्यंत जायचं, म्हणजे टाका धरून राहतो. दुरुस्त केलेली गोष्ट अंगावर घालण्याचं समाधान वेगळंच असतं.

आता माझी एकच अट, आणि ती तुला बहुधा आवडणार नाही. यातलं काहीही कुणाला दाखवू नकोस. फोटो काढून टाकू नकोस आणि ‘छान झालंय, विकायला ठेव’ म्हणणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नकोस. निदान पहिले काही महिने तरी. यामागे कारण आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलं मुळातच आवडीने रंगवणारी होती. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक बक्षीस दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळी पाहिलं तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांपेक्षा कमी वेळ रंगवताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटलेली नव्हती. बक्षीस वाईट नाही, पोरी. बक्षिसाकडे डोळा ठेवून हात चालायला लागला की आवडीचं काम नोकरी होऊन बसतं, आणि एक नोकरी तुला आहेच. दिवसभर तुझं प्रत्येक काम कुणी ना कुणी तपासतं. अर्धा तास तरी असा असू दे, जो कुणी तपासत नाही.

वेळ कुठून काढायचा, असं विचारशील. रोजचा तास ठरवू नकोस. चार दिवस चुकलं की अपराधी वाटायला लागेल आणि आणखी एक ओझं वाढेल. वही आणि पेन्सिल अशा जागी ठेव जिथे आज फोन असतो, आणि फोन दुसऱ्या खोलीत. दहा मिनिटं झाली तरी झाली. अर्धवट राहिलेलं पान अर्धवटच ठेवलंस तरी चालेल. या एका बाबतीत पूर्ण करण्याचा आग्रह मी तुला करणार नाही.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट, आणि ही नीट वाच. वही-पेन्सिलीने सगळा थकवा जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची व्याख्या केली तेव्हा त्याचं मूळ कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घ ताणात असल्याचं स्पष्ट म्हटलं आणि त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल अलिप्तपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. तुझ्या पत्रात यातल्या दोन गोष्टी मला दिसल्या. दोन माणसांचं काम एकट्या तुझ्यावर पडलं असेल, तर रविवारी चित्रं काढून ते हलकं होणार नाही. ते वरिष्ठांना सांगावंच लागेल. हातात कोणती कामं आहेत आणि प्रत्येकाला किती तास लागतात ते कागदावर मांड आणि विचार की यातलं कोणतं मागे ठेवू. तक्रारीच्या सुरात बोललीस तर समजूत काढून परत पाठवतील. तासांचा हिशेब समोर असला की त्यांना निर्णय घ्यावा लागतो.

आणि मन उदास राहणं, कशातच गोडी न वाटणं, झोप किंवा भूक बिघडणं, हे दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल तर डॉक्टरांना दाखव. जगणं नकोसं वाटण्याचा विचार नुसता डोकावला, तरी दोन आठवडे मोजत बसू नकोस. त्याच दिवशी कुणाला तरी सांग आणि डॉक्टर गाठ. ताप आल्यावर आपण जातो, तितक्याच सहजपणे जायचं. पहिल्या भेटीला एकटीने जाणं जड वाटलं तर मला कळव, दिवस-वेळ तू ठरव, मी सोबत येते.

तुझ्या बाई